शेकोटीच्या चौकटीतली गिटार

लंडनच्या पश्चिमेकडच्या फेल्टम या उपनगरात, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, १६ वर्षांचा ब्रायन मे (पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गिटारवादक) आणि त्याचे वडील हॅरॉल्ड घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायला बसले. दुकानातली चांगली गिटार त्यांना परवडणारी नव्हती. पण हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. घरातला टीव्हीही त्यांनीच जोडलेला. करवत, पटाशी, कानस, काचकागद अशा साध्या हत्यारांवर सुमारे दोन वर्षं काम चाललं. त्यातून झालेली ‘रेड स्पेशल’ मे आजही वाजवतात.

दांडीसाठी लाकूड मिळालं ते एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीचं. किडीने पाडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून घेतली. या गोष्टी नेहमी कौतुकाने सांगितल्या जातात. मला त्याहून मोठं वाटतं ते त्या दोघांचं मोजमाप.

दांडीवरचे पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्याच घ्या. तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा साधारण १७.८ वा भाग सोडून बसवायचा. पहिला येतो ३४.२ मिलिमीटरवर; शेवटच्या दोन पडद्यांत, तेविसाव्या आणि चोविसाव्यात, अंतर उरतं जेमतेम ९ मिलिमीटर. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी तो स्वर कायमचा बेसूर. असे २४ पडदे हाताने बसवायचे होते.

खरी परीक्षा ट्रेमोलोची. ट्रेमोलोचा दांडा दाबला की तारा सैल पडून सूर उतरतो. सोडला की तो मूळ जागी यायला हवा. त्या काळच्या बऱ्याच गिटारींत तो येत नसे, कारण तार घोडीवर आणि खुंट्यांकडे जाताना घासून अडकते. बापलेकांनी शत्रू ओळखला तो घर्षण. ट्रेमोलोची पट्टी त्यांनी कडक पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर तोलली, म्हणजे ती हलताना जवळपास कुठेच घासणार नाही. तारांच्या ओढीविरुद्ध जोर दिला १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगांनी. घोडीवर प्रत्येक तारेखाली बारीक चाक बसवलं. तार सरकली की चाक फिरतं. दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं.

तारांची कंपनं टिपणारे पिकअपही आधी घरीच गुंडाळले होते. आवाज सुरेख, पण तार आडवी ओढली की भलताच खरखराट येई, कारण शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट होते आणि तार एकावरून दुसऱ्यावर जात होती. मग बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत घेतले. त्यांची वेटोळी कंप पावून शिट्टी मारू नयेत म्हणून त्यांत अ‍ॅराल्डाइट हा गोंद ओतला. प्रत्येक पिकअपला दोन बटणं दिली: एक चालू-बंद करायला, दुसरं फेज, म्हणजे त्याच्या संकेताची दिशा, उलटवायला. तिन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले. दोन पिकअप उलट फेजमध्ये आले की खालचे स्वर एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि आवाज पातळ, टोकदार होतो. सरळ फेजमध्ये तोच भरदार वाटतो. शिवाय गिटारचं धड आतून काही भागांत पोकळ ठेवलं होतं, ॲम्प्लिफायरच्या आवाजाने लाकूड घुमावं आणि सूर लांबावा म्हणून. हा फीडबॅक त्यांना टाळायचा नव्हता, ताब्यात ठेवायचा होता.

पुढे ‘क्वीन’ बँडमध्ये या गिटारला जो आवाज साथीला मिळाला, तो पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारोख बलसाराचा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचा. बँडच्या ध्वनिमुद्रणांत मे याच गिटारचे थरावर थर चढवून अख्खा वाद्यवृंद उभा करत. ऐकताना ती एकच गिटार आहे यावर विश्वास बसत नाही.

तारा छेडायला नखीऐवजी मे जुनं सहा पेन्सचं नाणं वापरतात. प्लास्टिकची नखी वाकते, नाणं वाकत नाही. तारेचा प्रतिकार थेट बोटांना कळतो. नाणं जरा तिरकं धरलं की त्याच्या कडेवरच्या खाचा तारेवर घासतात आणि प्रत्येक स्वराच्या आरंभी एक करकरीत धार येते.