डोळे उघडे, तरी दिसेना: शौलाचे तीन दिवस

एखाद्याला समज आली की आपण सहज म्हणतो, 'त्याचे डोळे उघडले.' आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्याचे डोळे उघडले तेव्हा त्याला काहीच दिसेना!

हा तार्स गावचा शौल, म्हणजेच पुढचा संत पौल. शास्त्र शिकलेला, धर्माच्या बाबतीत कडक. स्तेफनाला दगडांनी ठार मारलं, तेव्हा साक्षीदारांनी आपले कपडे याच्याच पायाशी ठेवले होते. नंतर महायाजकाची पत्रं घेऊन तो दिमिष्काला, म्हणजे आजच्या दमास्कसला निघाला. तिथल्या येशूच्या अनुयायांना बांधून यरुशलेमेला आणायचं होतं. लक्षात घ्या, आपण आंधळे आहोत असं त्याला वाटतच नव्हतं. उलट, देवाची बाजू आपल्यालाच स्पष्ट दिसते, ही त्याची खात्री!

वाटेत लख्ख प्रकाश पडला, तो खाली कोसळला. ज्याला तू छळतोस तो येशू मीच आहे, असं येशूने त्याला सांगितलं. उठून डोळे उघडले, तर समोर काळोख. सोबत्यांनी हात धरून त्याला शहरात नेलं. तीन दिवस ना दिसलं, ना तो काही जेवला, ना पाणी प्यायला. इतरांना धरून न्यायला निघालेला माणूस आता स्वतःच दुसऱ्याच्या हाताला धरून चालत होता. आपल्याला दिसत नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

आता हनन्या. दिमिष्कातला येशूचा शिष्य, म्हणजे शौलाने पकडलं असतं अशांपैकीच एक. शौलाकडे जा म्हटल्यावर तो कचरला, साहजिकच आहे. तरी गेला, शौलावर हात ठेवले आणि त्याला 'भाऊ' म्हणाला. डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी पडलं, आणि दिसू लागलं. प्रकाशाने त्याला थांबवलं, पण दृष्टी परत आली ती ज्याला तो शत्रू समजत होता त्याच्या हातून. परिवर्तन म्हणतात ते हे.

पण एक गल्लत करू नका. ज्याला दिसत नाही तो पापी, असा याचा अर्थ नाही. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात: पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही. त्या अध्यायात खरे आंधळे ठरतात ते 'आम्हाला दिसतं' असं ठासून सांगणारे परूशी.

जाता जाता एक काम. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक मोबाइलवर उघडा आणि ९, २२ आणि २६ हे अध्याय सलग वाचा. शौलाची हीच गोष्ट तिन्ही ठिकाणी आहे. २६ व्या अध्यायात अग्रिप्पा राजासमोर पौल स्वतःच्या आंधळेपणाबद्दल बोलतच नाही. लोकांचे डोळे उघडायला मला पाठवलंय, एवढंच सांगतो.

आपल्याला कुठल्या गोष्टीची इतकी खात्री आहे, की समोरचा माणूसच दिसेनासा झालाय? विचार करा. भेटू पुढच्या भागात!