दर शंभर कोटींचा हिशेब

माणसांची संख्या १०० कोटींवर पोहोचायला १८०४ साल उजाडलं, असा अंदाज आहे. दुसरे १०० कोटी १९२७ च्या सुमारास जमले. तिसऱ्यांना जेमतेम ३३ वर्षं लागली. १९७४ मध्ये ४०० कोटी आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटी: दुप्पट व्हायला अर्धं शतकही पुरलं!

घरोघरी जास्त मुलं जन्मू लागली म्हणून हे घडलं नाही. लसी, स्वच्छ पाणी आणि पुरेसं अन्न मिळाल्याने जन्मलेली मुलं जगू लागली. भारतात १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या चक्क घटली होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने घरंच्या घरं ओस पाडली. त्यानंतरच्या एकाही जनगणनेत आकडा खाली आलेला नाही.

जगाच्या वाढीचा वेग १९६० च्या दशकात वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता. आज तो १ टक्क्याहून कमी आहे.