शिक्षा कमी करण्याची कारणे

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ सालच्या मार्चमध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. त्या खटल्याने तीन न्यायालये पाहिली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले: मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिची संमती असावी. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, पुण्याच्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

त्या संतापातून फौजदारी कायद्यातली १९८३ ची दुरुस्ती आली. बलात्काराला किमान सात वर्षे. पोलिसांनी ताब्यातल्या स्त्रीवर केलेल्या, सामूहिक किंवा बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला किमान दहा. पण कलमाच्या शेपटीला एक परंतुक जोडलेले होते. ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ नोंदवून न्यायाधीशांना या किमान मर्यादेच्याही खाली जाता येत होते. पुढची तीस वर्षे अपिलातली खरी झुंज या तीन-चार शब्दांवरच चालली.

पहिला मोठा धक्का १९८९ साली बसला. हरियाणातल्या दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांवर आणली आणि कारण दिले ते पीडितेच्या ‘वर्तना’चे. महिला संघटनांनी पुनर्विचार मागितला. तिच्या चारित्र्याबद्दल आम्ही काही म्हटलेले नाही, घडलेला प्रकार तिने काही दिवस कोणाला सांगितला नाही एवढाच त्याचा अर्थ, असा खुलासा न्यायालयाने केला. शिक्षा मात्र पाचच वर्षे राहिली. पोलिसांनीच अत्याचार केलेली बाई दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला कुठे जाणार होती, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या खुलाशात सापडत नाही.

कर्नाटकातल्या एका खटल्यात बालिकेवर बलात्कार करणाऱ्याला दहा वर्षे झाली होती. उच्च न्यायालयाने ती चारवर आणली. आरोपी अशिक्षित, खेड्यातला, दारूच्या आहारी गेलेला, घरी म्हातारी आई, बायको आणि मुले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ही सारी कारणे बाजूला सारून दहा वर्षे कायम केली. आरोपीची गरिबी, जात किंवा समाजातले स्थान शिक्षा ठरवताना मोजायचे नाही, असे त्या निकालाने बजावले.

तरीही वाट पुरती बंद झाली नाही. २०११ साली पंजाबातल्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यात दोषींनी भोगलेली सुमारे साडेतीन वर्षांची कैदच पुरेशी मानली गेली. प्रकरण चौदा वर्षे जुने, बाईचे लग्न झालेले आणि दोन्ही पक्षांची तडजोड, ही कारणे. प्रत्येकी पन्नास हजारांचा दंड तेवढा तिला द्यायचा होता. गावात अशी तडजोड कशी होते, कोण कोणावर दबाव आणते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा निकाल वाचवत नाही.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, तीन न्यायाधीशांच्या पीठाने तडजोड हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर झालेल्या कायदादुरुस्तीने ते परंतुकही गेले.

मग सवलत दुसऱ्या दाराने येऊ लागली. किमान शिक्षा हलवता येत नाही, तर गुन्ह्याचे नावच बदलायचे. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने कपड्यावरून केलेला स्पर्श बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्यातला लैंगिक हल्ला ठरत नाही, असे म्हणत तीन वर्षांची शिक्षा एकवर आणली. या खटल्यात पक्षकार नसलेले महान्यायवादी स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबरमध्ये तीन वर्षे पुन्हा कायम झाली. त्याच नोव्हेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने मुलावरच्या अत्याचाराला कमी गंभीर कलम लावून दहाची सात वर्षे केली. तीही २०२३ साली पुन्हा दहा झाली.

अपिलात फाशीही उतरते, आणि ते नेहमीच चुकीचे नसते. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ साली तिघांना दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली नैसर्गिक मृत्यूपर्यंतच्या जन्मठेपेत बदलली, पॅरोल आणि फर्लोही नाकारली. लोकक्षोभावर शिक्षा ठरवता येत नाही, ही त्यामागची भूमिका होती. देसाईगंजपासून चालत आलेल्या या इतिहासात ती ठामपणे सांगितली जाणे गरजेचे होते.

या साऱ्या वाटचालीत एक जागा मात्र रिकामीच राहिली आहे. दोषी शिक्षा कमी करून मागू शकतो, सरकार ती वाढवून मागू शकते. पीडितेला २००९ च्या अखेरीस अपिलाचा हक्क मिळाला तो निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्याचा ठपका आणि अपुरी भरपाई यांविरुद्ध. शिक्षा अपुरी आहे म्हणून ती अपील करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद तशीच आहे.