वडगावात वडगावकर कोण?

गावाच्या नावापुढे ‘कर’ लावले की आडनाव तयार, इतके आपल्याला ठाऊक असते. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावात राहणाऱ्याला शेजारी वडगावकर कशाला म्हणतील? ती ओळख गाव सोडल्यावर, परक्या ठिकाणी लागते. म्हणून मिणचेकर हे आडनाव ऐकले की मला मिणचे गाव सोडून निघालेला कोणी पूर्वज आधी दिसतो. आडनावात असे स्थलांतर जपलेले असते, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

याच भागात ‘कर’ऐवजी नुसता एकारही येतो: कोल्हापुरे, वडगावे. थोडे पुढे कन्नड मुलखात गेलात तर प्रत्ययच गळतो, हुक्केरी गावचा माणूस हुक्केरीच.

गावात राहिलेल्यांची ओळख कामावरून झाली. पाटील गावचा प्रमुख, चौगुले त्याचा मदतनीस, कुलकर्णी हिशेब लिहिणारा. सुतार, कुंभार, लोहार तर सांगायलाच नकोत. पण प्रत्येक आडनाव गावाचे किंवा कामाचे नसते. मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव यांची समाधी वडगावात आहे. त्यांचे जाधव हे नाव कुळाचे, ‘यादव’शी नाते सांगणारे.

हॉलंडमध्येही हेच दिसते. तिथला ‘व्हान’ म्हणजे आपला ‘कर’, फक्त तो नावाआधी येतो. बाकर म्हणजे पाव भाजणारा, यान्सेन म्हणजे यानचा मुलगा. 1811 मध्ये नेपोलियनच्या अमलात तिथे आडनावाची नोंद सक्तीची झाली. आपल्याकडे नाव कायम होण्यामागे पाटीलकी, कुलकर्ण ही वतने होती. काम वंशपरंपरेने चालले, तसे नावही घराला चिकटले.