कारल्याला वर्तमानपत्राची पिशवी
परसबागेतील कारली वेलावरच पिवळी पडून सडू लागली की बहुतेक जण कीटकनाशकाची बाटली शोधतात. तोवर उशीर झालेला असतो. फळमाशीची मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या आत गरावर वाढतात आणि फवारणी त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. औषधाचा अंश मात्र घरच्या भाजीत राहू शकतो.

यावर जुन्या वर्तमानपत्राची पिशवी उत्तम. पाकळ्या सुकून फळ धरल्याची खात्री होताच ती चढवून देठाशी सैल बांधावी. परागीभवनापूर्वी बांधल्यास फळच धरणार नाही. पावसाळ्यात कागद टिकत नाही. तेव्हा जुन्या पातळ सुती कापडाची पिशवी शिवावी. बाजारातील क्यू-ल्युअरचे सापळे लावण्यास हरकत नाही, परंतु त्यांत नर अडकतात, अंडी घालणारी मादी नव्हे.

खरी चूक सडक्या फळांबाबत होते. कीटकशास्त्रज्ञ असूनही मी ती केली आहे: किडकी कारली उघड्या खतखड्यात टाकली आणि काही दिवसांनी तेथूनच माश्या निघाल्या. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जाते. म्हणून अशी फळे रोज वेचून जाड प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधावीत, आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत आणि मगच खतात घालावीत.