अटक किती वाजता झाली?

तालुक्याच्या न्यायालयात मी विधी सेवा समितीतर्फे रिमांडची कामं पाहते. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांना पोलीस पहिल्यांदा न्यायाधीशांसमोर आणतात तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायचं, हे माझं काम. न्यायाधीश प्रत्येक आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते हवालदार शेजारीच उभे असतात आणि पोलीस कोठडी मिळाली, तर पुन्हा त्यांच्याच गाडीत बसायचं असतं.

या प्रश्नामागे मोठी खटपट आहे. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी लॉकअपमध्ये पोलिसांनी मारल्याचं सांगितलं. बारसेंचं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं. १९८३ च्या निकालात महिलांसाठी वेगळं लॉकअप आणि महिला पोलिसांचा पहारा आला. छळाची तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला स्वतः विचारावं आणि वैद्यकीय तपासणीच्या हक्काची माहिती द्यावी, असंही त्यात ठरलं.

मी आरोपीला आणखी एक विचारते, ‘तुम्हाला नेलं तेव्हा घरी काय चाललं होतं?’ घड्याळ कुणी पाहिलेलं नसतं, पण ‘डेअरीला दूध घालून आलो होतो’, ‘मुक्कामाची एसटी नुकतीच आली होती’ हे पक्कं आठवतं. एसटी येते रात्री साडेआठला आणि कागदावर अटक असते दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची. मधले तास ठाण्यात नुसतं ‘बसवून ठेवलेलं’ असतं. स्टेशन डायरीच्या हिशेबात तोवर तो माणूस ठाण्यात आलेलाच नसतो.

खरी गोम या तासांत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. हे तास मोजायचे कधीपासून? माणसाच्या जाण्यायेण्यावर बंधन आलं तिथून. अधिकाऱ्याने कागदावर टाकलेल्या वेळेवर ते ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून चोरीचा माल सापडला, तर माहितीचा तेवढा भाग न्यायालयात चालतो. त्यामुळे ‘माल कुठाय ते सांग’ म्हणत हात उगारण्याचा मोह याच बेहिशेबी तासांत होतो. म्हणून १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळीच कागद करायला सांगितला: त्यावर तारीख आणि वेळ, घरातल्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही आणि अटक झालेल्याचीही सही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. नातेवाइकांना कळवणं आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, हेही तीत आहे.

तपासी अंमलदारांची ओढाताण मला दिसते. हाती डझनभर गुन्हे, त्यात बंदोबस्त आणि ‘आरोपी कधी धरणार?’ म्हणून वरून फोन. पण संशय आहे आणि पुरावा जुळायचाय, अशा वेळेसाठी कायद्याने वाट ठेवली आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत नोटीस देऊन बोलवा, विचारा, घरी जाऊ द्या. अटक हवीच असेल तर कारणं लिहा. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं.

घरच्यांना माझं सांगणं असतं: कोणी नेलं, कोणत्या गाडीतून, किती वाजता, हे लगेच लिहून ठेवा. ११२ ला फोन करा, म्हणजे त्या वेळेची नोंद राहते. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर जपायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते जपून ठेवावं म्हणून वेळेत अर्ज करता येतो.

‘चोराला कसले हक्क, मॅडम?’ असं फिर्यादी मला कोर्टाच्या आवारात विचारतात. त्यांना एवढंच सांगते, की चोवीस तासांची मर्यादा मोडल्याचं दिसलं, तर अटक बेकायदा ठरून तुमच्या घरी चोरी करणारा खरा चोरही बाहेर येऊ शकतो. अटकेची वेळ खरी लिहिली जाण्यात त्याच्याइतकाच तुमचाही फायदा आहे.