चकत्यांच्या चळती

द्रवस्फटिकांवरचे मराठी लेखन बहुधा घड्याळ, कॅल्क्युलेटर आणि टीव्हीच्या पडद्यापाशी थांबते. त्या पदार्थात रेणू नेमके कसे बसलेले असतात, हे उलगडण्याचा इतिहास मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यातले एक ठळक पान तर भारतातच लिहिले गेले आहे.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिश रायनित्झर यांना दिसले की कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळते ते गढूळच, आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ होते. हा गढूळपणा भेसळीचा, असे म्हणणारे पुढेही बरीच वर्षे होते. १९२२ मध्ये जॉर्ज फ्रिडेल यांनी सूक्ष्मदर्शकातल्या नक्षीवरून नेमॅटिक, स्मेक्टिक, कोलेस्टेरिक असे वर्ग पाडले. स्मेक्टिकमध्ये थर असतात, याचा क्ष-किरणांचा पुरावा पुढच्याच वर्षी मोरिस द ब्रॉय आणि फ्रिडेल यांचे पुत्र एदमाँ यांनी दिला.

प्रयोग साधा दिसतो, पण चिकाटीचा आहे. पदार्थ बारीक काचनळीत भरायचा, तापमान हलू द्यायचे नाही, चुंबकाने रेणू एका दिशेला वळवायचे आणि किरण सोडायचे. लहान कोनावरची तीक्ष्ण रेषा थरांमधले अंतर सांगते. मोठ्या कोनावर मात्र पसरट वलय उमटते: थराच्या आत रेणू द्रवासारखेच विस्कळीत, शेजाऱ्यापासून साधारण ४.५ अँगस्ट्रॉमवर. स्फटिकाचे छायाचित्र पाहायची सवय असलेल्याला हे वलय प्रयोग फसल्यासारखे वाटेल. माझ्या मते चित्रातली निम्मी माहिती त्या धूसरपणातच आहे.

ऑक्टिल सायनोबायफेनिल या स्मेक्टिक पदार्थाचेच घ्या. रेणूची लांबी सुमारे २२ अँगस्ट्रॉम, थराची जाडी मात्र ३१.७ भरते. रेणू एकेरी उभे असते तर २२ च्या आसपास आकडा आला असता, दुहेरी असते तर ४४ च्या. तो मधलाच आला, कारण शेजारचे रेणू उलटसुलट तोंडे करून एकमेकांत अर्धवट शिरलेले असतात.

हे सगळे रेणू काडीसारखे लांबट. द्रवस्फटिक व्हायला रेणू लांबटच हवा, ही समजूत १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मोडली. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे आणि नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी.; विदर्भातल्या किती विद्यार्थ्यांच्या कानावर हे नाव पडते, कोण जाणे, पण पडायला हवे. बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह त्यांनी बेंझिनच्या कड्याला सहा शेपट्या जोडलेले, चकतीसारखे रेणू अभ्यासले. क्ष-किरणांनी दाखवले की चकत्या नाण्यांसारख्या एकावर एक रचल्या जातात आणि त्या चळती षट्कोनी जाळीत उभ्या असतात. चळतीच्या आत मात्र चकत्यांमधले अंतर अनियमित. म्हणजे दोन दिशांना स्फटिक, तिसऱ्या दिशेला द्रव! हा शोध त्यांनी ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाला तो तिथूनच वाचावा लागला.

पुढे अशा रेणूंतून वीज वाहून नेणारे पदार्थ घडू लागले. त्या पदार्थांच्या क्ष-किरण नोंदीत अभ्यासकाची नजर ३.५ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रेषेकडे जाते. ती ठळक असली, तर चकत्यांचे गाभे एकमेकांवर नीट टेकलेले असतात आणि विद्युतभाराला चळतीच्या लांबीने सरकायला वाट मिळते.